उत्तर जुळंना की ओ!

मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोन वाजता शहाणा माणूस कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन फरशीवर आडवा होतो. मीही झालो होतो. तेवढ्यात बारावीतली भाची वही घेऊन उशाशी येऊन बसली. "मामा, उत्तर जुळंना की ओ."

गणित असं : वर एक अधिक एक्स, खाली एक वजा एक्स आणि सगळ्यावर वर्गमूळ. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे एक्स बदलला की हे किती वेगानं बदलतं ते, काढा. काढणं दोन मिनिटांचं काम. आधी एक छेद, दोन गुणिले तोच रूट (वर्गमूळ), मग आतल्याला क्वोशंट रूल, म्हणजे भागाकाराचा नियम. आतलं येतं दोन छेद, कंसात एक वजा एक्स, त्या अख्ख्या कंसाचा वर्ग. पोरीनं सगळं बरोबर केलेलं. चेन रूलही, म्हणजे बाहेरच्याला आतल्याच्या डेरिव्हेटिव्हनं गुणायचं, विसरली नव्हती, नाहीतर निम्मी बारावी तिथंच गारद होते.

पण पुस्तकाच्या मागं भलतंच! एक छेद, कंसात एक वजा एक्स, गुणिले रूटमध्ये एक वजा एक्सवर्ग. हिच्या वहीत उलटा झालेला रूट आणि खाली वर्ग. शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात मी उठून बसलो.

मोठं वर्गमूळ म्हणजे दोघांत एक सोलापुरी चादर, रात्रभर ओढाओढी. अंशाला वेगळी, छेदाला वेगळी दिली की दोघं गप पडतात. एक वजा एक्स या कंसाचा खाली वर्ग, वर रूट. दोन घातांतला अर्धा कटला, दीड उरला. त्यातला एक बाहेर ठेवला, अर्धा एक अधिक एक्सच्या रूटमध्ये घुसवला. आलं की पुस्तकातलं उत्तर!

भाचीचा विश्वास बसेना. म्हटलं, एक्सच्या जागी शून्य घाल. दोन्हीकडं १ आला. "शून्याला काय, कायपण जुळतंय." मग निम्मा घातला. दोन्हीकडं चार छेद रूट तीन. आता गप बसली.

मला उगाच चेव आला. लॉग घेतला. रूटचा निम्मा झाला, भागाकाराची वजाबाकी झाली आणि डेरिव्हेटिव्ह काय, तर मूळचाच वाय (म्हणजे दिलेलं अख्खं वर्गमूळ) छेद एक वजा एक्सवर्ग. तीन ओळी, ओढाओढ नाही.

भाचीनं शांतपणे ते खोडलं. "लॉग पुढच्या स्वाध्यायात आहे मामा. आत्ता वापरला तर सर मार्क कापत्यात."

आणि पान उलटलं. पुढच्या गणितात घनमूळ होतं, आत वर दोन कंस, खाली तीन.