कॉर्नफ्लॉवरच्या ‘वॉटरप्रूफ’ पिशवीबद्दल खुलासा

चवथीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: कॉर्नफ्लॉवर, ग्लिसरीन आणि व्हिनेगर शिजवून केलेली पिशवी पावसात टिकते, आणि समुद्रात टाकली तर आपोआप विरघळते. मूळ कृती माझीच. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्दही, दुर्दैवाने, माझाच. समुद्राचं शेपूट मात्र नंतर कुणीतरी जोडलं.

मी तेव्हा वाळलेल्या पापुद्र्यावर दोन थेंब टाकून पाहिले होते, एवढंच. परवा तोच तुकडा वाटीभर पाण्यात ठेवला, तर फुगून लिबलिबीत झाला. कॉर्नफ्लॉवर म्हणजे स्टार्च; त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट खच्चून असतात, आणि पापुद्रा लवचिक करणारं ग्लिसरीन स्वतःच ओलावा ओढतं. म्हापशाच्या बाजारातून ओले बांगडे त्यात आणायचे म्हणजे पायावर बांगडे.

व्हिनेगर हे गट बांधत नाही. सायट्रिक ॲसिड बांधू शकतं. त्याचे तीन आम्लगट शेजारच्या साखळ्यांना जोडतात. पण त्यासाठी १५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, नुसतं उन्हात वाळवून भागत नाही. मेण मिसळल्यानेही पाणी उशिरा शिरतं, इतकंच.

दुकानातल्या पिशव्यांमध्ये स्टार्चसोबत इतर पॉलिमर (लांब साखळीचे, प्लास्टिकसारखे पदार्थ) असतात. त्यातलं पीएलए हे मक्यापासूनचं प्लास्टिक नीट कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते. मिरामारच्या समुद्रात ती कुठली?

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.