‘पहिला टप्पा पास म्हणजे पीआर झालंच’ : कॅनडाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. विषय आहे एच अँड सी, म्हणजे ‘ह्यूमॅनिटेरियन अँड कम्पॅशनेट’ (मानवतेच्या) कारणांवरून मागितलेलं पीआर, कॅनडात कायमचं राहायचा दर्जा. व्हिसा संपलेला, निर्वासित म्हणून केलेला दावा फेटाळलेला, नेहमीच्या कुठल्याच रांगेत न बसणारा माणूस इमिग्रेशन कायद्याच्या 25 व्या कलमाखाली हा अर्ज करतो. तो दोन टप्प्यांत निकाली निघतो आणि मेसेजवाल्याने दुसऱ्या टप्प्याचं ‘गुपित’ फोडलंय.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पहिल्या टप्प्याची मंजुरी आली की पीआर झालंच, पुढचं सगळं नावापुरतं. आता भारतात जाऊन यायला हरकत नाही. कामाला वेगळं परमिट लागत नाही. भारतात राहिलेल्या बायकामुलांची नावं या टप्प्यावर गाळून टाका, त्यांच्या मेडिकलपायी फाईल अडकते, नंतर त्यांना स्पॉन्सर करता येतंच, म्हणजे आपल्या हमीवर बोलावता येतंच. सहा महिन्यांत कार्ड घरी. बिघडलं तर अपील आहे. आणि मुळात एकदा अर्ज टाकला की तुम्हाला कुणी डिपोर्ट करू शकत नाही. खाली एक फोन नंबर.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. हा आला आमच्याकडे डबे पोचवणाऱ्या ताईंकडून. नवरा गेलेला, मुलगा कराडला आजीपाशी, आणि एवढ्यातच त्यांचं पहिल्या टप्प्याचं पत्र आलेलं. मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, “अगं, मग पोराचं नाव काढून टाकू का?” त्यामुळे आधी नावं गाळण्याच्या सल्ल्याबद्दलच लिहिते. बाकीच्या थापांनी पैसे आणि वेळ जातो, या थापेने मूल जातं.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत 117 वा नियम आहे. त्याच्या नवव्या पोटनियमातलं ‘ड’ कलम सांगतं की, स्पॉन्सर करणारा माणूस स्वतः अर्ज करून पीआर झाला तेव्हा त्याच्या कुटुंबातली जी व्यक्ती त्याच्याबरोबर येत नव्हती आणि जिची तपासणी झाली नव्हती, ती पुढे त्याच्या ‘फॅमिली क्लास’मध्ये, म्हणजे कुटुंबीय म्हणून बोलावता येणाऱ्यांत, धरलीच जाणार नाही. पाच वर्षांनी नाही आणि स्पॉन्सर करणारा नागरिक झाल्यावरही नाही. नुसतं नाव देऊनही भागत नाही, तपासणी व्हावी लागते. अधिकाऱ्यानेच ती नको म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ताईंनी मुलाचं नाव ठेवलं पण ‘पैसे वाचतील’ म्हणून त्याचं मेडिकल टाळलं, तरी ते पोर याच जाळ्यात सापडणार.

हे कोर्टात लढवून झालेलं आहे. फिलिपिन्सहून आलेल्या डी गुझमन नावाच्या बाईंनी 1993 मध्ये कॅनडात उतरताना सांगितलं की आपण अविवाहित आहोत, बरोबरच्या मुलीशिवाय आपल्यावर अवलंबून कुणी नाही. दोन मुलगे मागे राहिले होते, त्यांचा उल्लेख केला नाही. पुढे त्या नागरिक झाल्या आणि मुलांना बोलवायला गेल्या. अर्ज नामंजूर. फेडरल कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेल्या, आणि 2005 मध्ये त्या कोर्टाने हा नियम वैध ठरवला. आता मेसेजमधलं ‘नंतर स्पॉन्सर करता येतंच’ हे वाक्य पुन्हा वाचा.

वर त्या मेसेजमध्ये असंही आहे की पहिल्या टप्प्यानंतर लग्न झालं, मूल झालं, तर कळवू नका, ‘तारीख निघून गेलेली असते’. कसली तारीख? याच कोर्टाने 2006 मध्ये डेला फ्युएंते प्रकरणात सांगितलंय की अर्जाची वेळ म्हणजे अर्ज टाकला तो दिवस एवढीच नाही. अर्ज टाकल्यापासून पीआर मिळेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. दुसऱ्या टप्प्यात वाट पाहताना झालेलं लग्न असो की व्हिडिओ कॉलवर बघितलेलं बाळ, दोन्ही कळवायची असतात.

आणि हे लपवणं निव्वळ वेडेपणाचंही आहे. पहिल्या वेळच्या फॉर्मात मुलाचं नाव, जन्मतारीख, सगळं लिहून दिलेलं असतं. बऱ्याच जणांच्या अर्जाचा आधारच मुळी ताटातूट हा असतो. त्याच फाईलमध्ये दुसरा फॉर्म जातो आणि त्यात मुलगा नाहीच! अधिकाऱ्याला दोन कागद शेजारी ठेवता येत नाहीत, असं या सल्लागाराला वाटतं का? याला कायद्यात खोटी माहिती देणं म्हणतात, कलम 40. पाच वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि पीआर मिळाल्यावर उघडकीला आलं तर मिळालेलं पीआरही जाऊ शकतं.

आता यातलं अर्धं सत्य, नाइलाजाने मान्य करते. कुटुंबातल्या माणसामुळे फाईल अडकू शकते, हे खरं आहे. 68 व्या नियमाप्रमाणे पीआर देताना अर्जदाराबरोबरच त्याच्या कुटुंबीयांची पात्रताही बघतात, ते बरोबर येणार असोत वा नसोत. मेडिकल बारा महिनेच चालतं, त्यामुळे वाट पाहता पाहता ते पुन्हा करायची वेळही येते. पण यावर उपाय नियमातच आहे. अडचण ठाऊक असेल तर त्या मुद्द्यापुरती सूट लेखी मागायची, कारणं आणि कागद जोडून. आजारी किंवा अपंग मुलाबद्दल तर घाबरण्यासारखं पूर्वीपेक्षा कमी उरलंय. 2018 पासून सरकारी आरोग्यसेवेवरच्या ‘अवाजवी भारा’ची मर्यादा, जिच्यावर उपचारांचा खर्च गेला तर अर्ज अडतो, ती तिप्पट झाली आणि शाळेतलं विशेष शिक्षण त्या हिशेबातून काढलं गेलं. शिवाय नाव गाळलेल्यांसाठी 2019 पासून एक सवलतीचं धोरणही आहे, पण ते तात्पुरतं आणि ठरावीक गटांपुरतं. त्याच्या भरवशावर कुणी आज नाव गाळू नये. मग गाळलेल्या मुलासाठी काय उरतं? पुन्हा तोच 25 व्या कलमाखालचा मानवतावादी अर्ज, या खेपेस मुलाच्या नावाने. ज्या रांगेतून आई नुकती बाहेर पडली, तिच्या शेवटी पोराला उभं करायचं, असा हा सल्ला आहे.

‘पहिला टप्पा म्हणजे पीआर’ या मुख्य दाव्याकडे येते. पहिल्या टप्प्यात अधिकारी एवढंच ठरवतो की तुमची परिस्थिती बघता नेहमीच्या अटींतून सूट द्यावी की नाही. सूट मिळते ती ज्या गोष्टीसाठी मागितली तिच्यापुरती. व्हिसा संपल्यावर राहिलात, ते माफ झालं असेल. बाकीची तपासणी दुसऱ्या टप्प्यात होते : मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, बायोमेट्रिक्स, सुरक्षा चौकशी, चालू पासपोर्ट, सरकारी मदतीवर जगता का ते. क्युबेकमध्ये राहत असाल तर त्या प्रांताचं निवडपत्र, सीएसक्यू, वेगळं. मेडिकल सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडूनच लागतं, भारतातही. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही.

या टप्प्यावर आपली मुलं सगळ्यात जास्त कशात अडकतील, तर दारू पिऊन गाडी चालवण्यात. 18 डिसेंबर 2018 पासून कॅनडात या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली आणि त्यामुळे तो इमिग्रेशनच्या भाषेत ‘गंभीर गुन्हा’ ठरतो. प्रत्यक्षात नुसता दंड झाला असला तरी. त्यासाठी सूट मागता येते, पण ती मागावी लागते आणि मिळेलच असं नाही. दहशतवाद, मानवी हक्कांची पायमल्ली आणि संघटित गुन्हेगारी यांना तर या कलमाखाली सूटच नाही. ‘नावापुरतं’ म्हणणाऱ्याने यातलं काही वाचलंय असं दिसत नाही.

भारतात जाऊन यायचा सल्ला दुसऱ्या क्रमांकाचा घातकी. 68 वा नियम कॅनडात असलेल्या माणसाबद्दल बोलतो. शेवटच्या पायरीला पीआर पोर्टलवर तुम्ही सध्या कॅनडात आहात ना, हे विचारतात. भारतीय पासपोर्टवर परत यायला व्हिसा लागतो, आणि ज्याच्याकडे इथला कुठलाच दर्जा नाही त्याला तो कोण देणार? आधीची डिपोर्टेशन ऑर्डर असेल तर बाहेर पडल्यावर ती अंमलात आली असं धरतात, मग परतीला वेगळी लेखी परवानगी लागते. आईच्या आजारपणाचा फोन आल्यावर मनाची काय ओढाताण होते ते मी जवळून पाहिलंय. म्हणून तर ‘काही होत नाही’ असं कुणी सहज लिहून टाकलं की डोकं फिरतं. जावंच लागलं तर आधी वकिलाला विचारून, परिणाम समजून जा.

वर्क परमिटचं पटकन. पहिल्या टप्प्यानंतर ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे कुठल्याही एका मालकाला न बांधलेल्या परवान्यासाठी, अर्ज करता येतो, हा खरोखर मोठा फायदा आहे. पण अर्ज करायचा असतो, फी भरायची असते आणि परमिट हातात यावं लागतं. मंजुरीचं पत्र मालकाला दाखवून कामाला लागणं म्हणजे विनापरवाना काम.

डिपोर्टेशनबद्दल दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. नुसता अर्ज टाकल्याने काहीही थांबत नाही. सीमा सेवा, म्हणजे सीबीएसए, अर्ज पडून असतानाही परत पाठवू शकते आणि पाठवते. पहिल्या टप्प्याची मंजुरी आल्यावर मात्र 233 व्या नियमाने त्या हुकुमाला स्थगिती मिळते, पीआरचा निर्णय होईपर्यंत. मेसेजवाल्याने दुसरं वाक्य उचलून पहिल्याच्या जागी चिकटवलं. निर्वासिताचा दावा फेटाळला गेल्यावर बारा महिने हा अर्ज करताच येत नाही, हेही सोडून दिलं. त्याला अपवाद आहेत, जिवावरचं आजारपण आणि मुलांचं हित, पण नियम तो आहे.

‘मुलं इथे जन्मली की प्रश्नच नाही’ असंही एक वाक्य मध्येच आहे. मेव्हिस बेकर या जमैकन बाईंची चार मुलं कॅनडात जन्मलेली होती. 1999 मध्ये त्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या, मुलांच्या हिताचा नीट विचार झालाच पाहिजे हे त्याच निकालाने पक्कं केलं. तरी कोर्टाने त्यांच्या हातात पीआर ठेवलं नाही. अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याने नव्याने बघावा, एवढाच हुकूम होता.

सहा महिन्यांत कार्ड? ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने जाहीर केलेल्या आराखड्यात या गटासाठी 2025 ला 10,000, 2026 ला 6,900 आणि 2027 ला 4,300 जागा ठेवल्या होत्या, आणि त्यात इतर विशेष योजनाही मोडतात. दुसऱ्या टप्प्यात सगळे कागद चोख असूनही माणसं थांबलेली दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. अशा वेळी ‘मी वरून हलवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि अपील नाही. नामंजूर झालं तर फेडरल कोर्टाकडे न्यायालयीन फेरतपासणीची परवानगी मागता येते, तीही निर्णय कळल्यापासून 15 दिवसांत. कोर्ट तुमची कहाणी नव्याने ऐकून पीआर देत नाही, अधिकाऱ्याचा निर्णय कायद्याला आणि तर्काला धरून होता का ते बघतं. ‘अपील आहे’ या भरवशावर महिनाभर घरी बसलेल्या माणसाची मुदत केव्हाच संपलेली असते.

ज्यांनी हा मेसेज वाचून आधीच नाव गाळलंय, त्यांनी पीआर हातात पडायच्या आत दुरुस्ती कळवावी : आयआरसीसी, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबफॉर्मवरून, फाईल नंबर टाकून, कुणाचं नाव राहिलं आणि का ते सरळ लिहून, त्या व्यक्तीची तपासणी करायची तयारी आहे असं सांगून. उत्तराची आणि पाठवल्याच्या पोचेची प्रत जपून ठेवावी. शक्य असेल तर हे पत्र वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या. ओंटारिओत उत्पन्न कमी असलेल्यांनी लीगल एडला, म्हणजे कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला, फोन करून बघावा.

पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि परवानाधारक कन्सल्टंटना आहे. कन्सल्टंटची यादी त्यांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे त्यांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते, नाव टाकलं की परवाना चालू आहे की रद्द ते दिसतं. मेसेजच्या खाली नुसता नंबर आहे, नाव नाही. ताईंना मी सांगितलं, त्या नंबरवर फोन करायचाच असेल तर पहिला प्रश्न परवाना क्रमांकाचा विचारा.