ब्रीदरला बोल्ट ठोकणाऱ्यांसाठी

मंगळवारी संध्याकाळी भाच्याची गाडी आर्णीत माझ्या वर्कशॉपसमोर येऊन थांबली. मागे निळा धूर, आत भाच्याचं उतरलेलं तोंड. 1 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, गाडीला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. बॉनेट उघडलं तर ऑइलची पट्टी आपल्या नळीतून दोन बोटं वर आलेली, टॅपेट कव्हरभोवती तेलाचा सडा. आणि ब्रीदरचे, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणाऱ्या वाटेचे, दोन्ही होज गायब! त्यांच्या जागी रबराचे तुकडे, त्यांत एकेक बोल्ट ठोकलेला, वरून क्लिपा आवळलेल्या.

"काहून रे लेका, हे कोनं केलं?"

"मीच केलं मामा. ग्रुपवर आलं होतं. ट्रॅकवाले सगळे तसंच करून राह्यले."

पोराला पुढच्या महिन्यात कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी पळवायची आहे. हौस आहे, असू द्या. पण तो मेसेज मी वाचला, आणि तोच आमच्या तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवरही फिरतोय म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: टर्बो गाडीचा ब्रीदर बंद करा, म्हणजे टर्बोत तेल जाणार नाही, रेसच्या गाड्यांत हेच करतात, ब्रीदर फक्त प्रदूषणाच्या नियमापायी बसवतात, मायलेज 3 ने वाढतं, आणि एवढं करूनही भीती वाटली तर घरीच कॅच कॅन (ब्रीदरमधून येणारं तेल अडवणारा डबा) बनवा, डब्यात भांड्याची घासणी कोंबा, जमलेलं तेल परत इंजिनात ओता.

बोल्टाचं आधी बघू, कारण सगळं नुकसान तिथेच आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल असतं त्या पोटात, उतरतोच. आपण त्याला बॅक कम्प्रेशन म्हणतो. म्हातारा ट्रॅक्टर ब्रीदरमधून भकभक धूर सोडतो तो हाच. तो धूर बघून शेतकरी म्हणतो, रिंगा गेल्या, इंजिनचं काम निघालं. पाईपाचं तोंड बुजवून ट्रॅक्टर बरा झाला असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. टर्बोमध्ये सिलिंडरातला दाब जास्त, म्हणून खाली उतरणारा वायूही जास्त. त्यात ट्रॅकवर इंजिन वीस-वीस मिनिटं वरच्या आरपीएमला. शंकरपटात जोडी सोडायच्या आधी बैलांच्या नाकपुड्यांत बोळे कोंबल्यासारखं झालं हे.

वाट बुजली की दाब कुठून तरी निघणारच. आधी पट्टी उचलतो, मग ऑइल सील. भाच्याचं क्रँकचं मागचं सील बाहेर ढकललं गेलं होतं. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवा. उतरवला तर क्लच प्लेट तेलाने माखलेली.

गंमत पुढे आहे. टर्बोला तेल पंपाच्या दाबाने जातं, पण परत चेंबरमध्ये येतं ते नुसतं उतारावरून, स्वतःच्या वजनाने. चेंबरमध्येच दाब भरला तर ते उतरेल कसं? खालचा नाला तुंबला की पाणी वरच्या धुऱ्यावरून उलटतं, तसं ते तेल टर्बोच्या सीलमधून एकीकडे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, आणि दुसरीकडे सायलेन्सरमध्ये शिरतं. निळा धूर तोच. म्हणजे टर्बोत तेल जाऊ नये म्हणून ठोकलेल्या बोल्टानेच टर्बोत तेल घातलं! आणि मग 'टर्बो गेला' म्हणून चांगला टर्बो बदलणारेही आहेत. डिझेलवाल्यांनो, तुमचं तर आणखी वाईट. इनटेकमध्ये पुरेसं तेल शिरलं की डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

आता 'रेसवाले हेच करतात'. एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संघटना. तिच्या नियमावलीत, अपेंडिक्स जे मध्ये, लिहिलंय की ब्रीदर उघड्या प्रकारचा असेल तर बाहेर येणारं तेल सांडू नये म्हणून टाकी हवी: 2000 सीसीपर्यंत किमान 2 लिटरची, त्यावर 3 लिटरची, आणि ती आतलं दिसेल अशी. बोल्ट मारायचा असता तर ही टाकी कशाला सांगितली असती? पुण्यात असताना सहा वर्षं रॅलीच्या गाड्यांवर हात काळे केले, बुजवलेला ब्रीदर एकदाही पाहिला नाही. तिथे वाट मोठी करतात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. कंपनीची व्यवस्था रस्त्यासाठी असते, ट्रॅकसाठी ती अपुरी पडू शकते. साध्या चालीत वायू पीसीव्ही नावाच्या, एकाच दिशेने सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. बूस्ट आला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरायला लागला, की तिथे उलटा दाब येतो, तो व्हॉल्व्ह मिटतो, आणि सगळा वायू दुसऱ्या होजने टर्बोच्या तोंडाशी जातो. लांब वळणात हेडमधलं तेल एका बाजूला चढतं आणि वायूबरोबर त्याच होजमध्ये घुसतं. ते टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला आतून माखतं, पेट्रोलात मिसळून नॉकिंग (पेट्रोलाचं अवेळी भडकणं) वाढवतं. तेव्हा इनटेकमध्ये तेल जातं ही तक्रार खरी आहे. औषध खोटं आहे.

औषध असं. आधी कम्प्रेशन तपासा. रिंगा गेल्या असतील तर कॅन लावून उपयोग नाही. मॅनिफोल्डकडचा व्हॉल्व्ह फुंकून बघा, दोन्हीकडून हवा जात असेल तर बदला, नाहीतर बूस्ट थेट चेंबरमध्ये जाईल. मग टॅपेट कव्हर आणि टर्बोचं तोंड यांच्या मधल्या होजवर आत पडदे असलेला कॅन बसवा. होज तेलाला टिकणारा घ्या, मूळ होजपेक्षा बारीक नको. बारीक होज म्हणजे अर्धा बोल्टच. कॅन सायलेन्सरपासून लांब ठेवा, गरम लोखंडावर तेल ठिबकलं तर गाडी पेटते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत कॅनचं दुसरं टोक परत इनटेकलाच जोडायचं. हवेत सोडणं आपल्या भारत स्टेज नियमांत बसत नाही, आणि वास केबिनमध्ये येतो तो वेगळाच.

प्रदूषणाचं कारण खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्या वायूत पाण्याची वाफ आणि न जळालेलं पेट्रोल असतं. ते बाहेर ओढलं नाही तर तेलाचा चिखल होतो. मायलेजचं सोडा, 3 हा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

घासणी मात्र सोडणार नाही. लोखंडी घासणीचे तुकडे गंजून सुटतात. कॅनच्या पुढे टर्बोचा पंखा आहे, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा. त्याला काय खाऊ घालताय ते बघा. आणि जमलेलं तेल परत ओतायचं? डिसेंबरच्या सकाळी कॅनचा नळ सोडून पाहा, दुधाच्या चहासारखं पाणी-पेट्रोल-तेलाचं मिश्रण येतं. ते जळक्या तेलाच्या डब्यात टाका.

भाच्याला सील, क्लच प्लेट आणि कॅन बसवून रविवारी बुटीबोरीला रवाना केलं. वर्ध्याहून फोन. "मामा, अजून धूर येऊन राह्यला."

"येईल लेका. सायलेन्सरमध्ये तू भरलेलं तेल जळून जाऊ दे आधी."