परवडतंय, तरी नको

एखाद्याने महागडी वस्तू घेतली नाही की लोक दोनच कारणं धरतात: ऐपत नसेल, नाहीतर चिक्कू असेल. त्याने हिशेब करून पाहिला असेल, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. दुप्पट पैसे मोजले तर नेमकं काय वाढतं, किती वाढतं, आणि वाढलेलं डोळ्याला किंवा हाताला कळतं का, एवढाच तो हिशेब. माझ्या मते बऱ्याच 'प्रीमियम' वस्तू या हिशेबातच गळून पडतात.

टीव्ही घ्या, तिथे गणित सरळ आहे. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन लागतो. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो. फोर-के म्हणजे आडवे 3840 ठिपके, म्हणजे एक ठिपका जेमतेम 0.32 मिलिमीटरचा. तो सुटा दिसायला पडद्यापासून 1.1 मीटरच्या आत बसावं लागेल. त्याहून मागे सरकलात की फोर-केचेही ठिपके एकमेकांत मिसळतात. एट-के म्हणजे आडवे-उभे दोन्हीकडे फोर-केच्या दुप्पट ठिपके. त्याचा फायदा त्याच पडद्यावर पुरता घ्यायचा तर नाक पडद्यापासून अर्ध्या मीटरवर न्यावं लागेल. बैठकीच्या खोलीत असं कोण बसतं? तेच पैसे काळा रंग किती काळा दिसतो आणि उजेड असताना चमक किती टिकते, यावर घाला. तो फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो.

टीव्हीला चित्र आणि आवाज पोहोचवणाऱ्या महागड्या एचडीएमआय केबलचं तर बोलूच नये. सिग्नल डिजिटल आहे. तो नीट पोहोचला तर चित्र जसंच्या तसं येतं. नाही पोहोचला तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच जातं किंवा पडदा काळा होतो. महाग केबलने रंग 'खुलत' नाहीत. फोर-के आणि सेकंदाला 60 फ्रेम यासाठी सेकंदाला 18 गिगाबिट वाहून नेणारी केबल पुरते, 120 फ्रेम हव्या असतील तर 48 गिगाबिटची प्रमाणित घ्या. पाच मीटरच्या पुढे जायचं असेल तेव्हा तांब्याऐवजी ऑप्टिकल केबलवर खर्च करण्यात अर्थ आहे. आणि ऑप्टिकल ऑडिओ केबलच्या टोकांनाही सोन्याचा मुलामा देऊन विकणारे आहेत! सोनं गंजत नाही हे खरं, पण त्या टोकातून वीज जातच नाही, प्रकाश जातो.

हिऱ्यावर जरा थांबू, कारण इथे मापं जास्त आणि भावना त्याहून जास्त. 'हिरा कायमचा' या अर्थाची ती प्रसिद्ध ओळ 1947 साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात लेखिकेने डी बियर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी लिहिली. टिकाऊपणाबद्दल ती बरीचशी खरी आहे. पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनात 10 गुण असलेल्या हिऱ्यालाही चार दिशांना फुटण्याच्या नैसर्गिक पातळ्या असतात. खड्याची कड फार पातळ कापलेली असेल तर ओट्यावर बसलेल्या एका टोल्याने टवका उडतो.

आता वजन. एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. चांगला कापलेला गोल एक कॅरटचा खडा साधारण 6.4 ते 6.5 मिलिमीटर भरतो, 0.90 कॅरटचा 6.2 च्या आसपास. बोटात घातल्यावर हा फरक कुणाला दिसत नाही, पण एकचा आकडा गाठताच दर कॅरटची किंमतच वर उडी मारते, त्यामुळे बिलात फरक ठसठशीत दिसतो. शुद्धतेचंही तेच. प्रतवारी 10 पट भिंगाखाली होते. व्हीएस-टू या मधल्या प्रतीच्या खड्यातला दोष नुसत्या डोळ्याला बहुतेक वेळा सापडत नाही, मग व्हीव्हीएस या त्याहून वरच्या प्रतीसाठी जास्तीचे पैसे कुणाला दाखवायला? पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी-एच रंगाचा, म्हणजे अगदी किंचित पिवळसर झाक असलेला खडाही पांढराच दिसतो. पैसे खर्चायचेच असतील तर कटवर खर्चा, चमक तिथून येते.

विकायला गेलात की खरी गंमत कळते. सोन्याचं वजन आणि शुद्धता मोजली की त्या दिवसाच्या दराने किंमत ठरते. हिऱ्याला असा एक दर नाही, प्रत्येक खडा वेगळा. त्यातून दुकानाचा नफा, घडणावळ आणि कर वजा होतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही कार्बनच, स्फटिकरचना तीच. नुसत्या भिंगाने तो ओळखता येत नाही, त्यासाठी वर्णपट पाहणारं उपकरण लागतं. त्याच्या किमती गेल्या काही वर्षांत इतक्या घसरल्या आहेत की तोही 'गुंतवणूक' म्हणून घेऊ नये. आवडला तर घाला, ठेव समजू नका.

घड्याळाबद्दल लोक रागावतात, तरी लिहितो. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, तोच सेकंदाचा ठोका. अशा घड्याळाची चूक महिन्याला साधारण 15 सेकंदांच्या आत राहते. चावीवर चालणाऱ्या महागड्या यंत्रातलं तोलचक्र, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, सहसा सेकंदाला सहा ते आठ ठोके देतं. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळवायला त्याची सरासरी चूक दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत असली तरी चालते. म्हणजे प्रमाणपत्रवालं घड्याळही काही दिवसांत स्वस्त क्वार्ट्‌झच्या मागे किंवा पुढे जाऊ शकतं. शिवाय आतलं तेल काही वर्षांत सुकतं, मग पूर्ण उघडून सर्व्हिसिंग. स्पीकर किंवा मॅग्नेटच्या झाकणाजवळ ठेवलं तर केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ अचानक खूप पुढे पळू लागतं (हे मात्र चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरने लगेच सुटतं). मनगटावर इवलंसं यंत्र चालतंय याचा आनंद घ्यायचा असेल तर तो छंद आहे, छंदाला पैसे लागतातच. वेळ पाहायला म्हणून घेऊ नका.

ट्रेडमिलची बाब उलटी. ती खोटं बोलत नाही, फक्त किमतीच्या चिठ्ठीवर पुढचं काहीच लिहिलेलं नसतं. मोटरची ताकद 'पीक'मध्ये, म्हणजे क्षणभराच्या कमाल आकड्यात छापतात. तुम्हाला हवा तो 'कंटिन्युअस', म्हणजे सतत टिकणारा आकडा. पळायचं असेल तर तो 3 अश्वशक्तीच्या आसपास हवा आणि पट्ट्याची पळण्याजोगी लांबी किमान 140 सेंटिमीटर. उंच माणसाला 150. पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये ठरावीक काळाने सिलिकॉन तेल सोडावं लागतं. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे नाही, त्याने पट्ट्याचा थर खराब होतो. तेल सुकलं की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते आणि शेवटी कंट्रोल बोर्ड जळतो. तो बदलायचा खर्च ऐकून यंत्र कोपऱ्यात जातं आणि त्यावर टॉवेल वाळतात. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर मागच्या रोलरचा बोल्ट एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग पट्टा हळू चालवून पाहायचं. हे सगळं करायची तयारी नसेल तर चालायला रस्ता आहे.

राहिली एक्स्टेंडेड वॉरंटी. बऱ्याच विद्युत वस्तू एकतर सुरुवातीला बिघडतात, कारण कारखान्यात काही चुकलेलं असतं, नाहीतर म्हातारपणी, झिजून. सुरुवातीचं कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतं. झिजण्याचं बहुधा वाढीव वॉरंटी संपल्यावर येतं. मधली शांत वर्षं तुम्ही विकत घेता. तरी घ्यायचीच असेल तर सही करण्याआधी 'अपवाद' हे कलम उघडा आणि त्यात 'झीज' हा शब्द शोधा. बॅटरी, पट्टा, रबरी गॅस्केट, फिल्टर हे सगळं त्या एका शब्दात बसवतात. मग 'व्होल्टेजमधील चढउतार' आणि 'ओल' पाहा. आणि भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळते की घसारा वजा करून, हे विक्रेत्याला तोंडी विचारू नका, कागदावर दाखवायला सांगा.