विनोदी मालिकेत काम करा आणि ९० दिवसांनी श्रीमंत व्हा

टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत नट व्हायचं ठरवलंय? उत्तम. घरचे 'आधी इंजिनीअरिंग कर' म्हणतील, तर ते करून टाका. पुण्यात नाटकाकडे जाणारा रस्ता बऱ्याचदा इंजिनीअरिंग कॉलेजातूनच निघतो. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' ओरडून घसा बसल्याशिवाय इथे कुणी कुणाला नट मानत नाही. तिथे एक उत्तेजनार्थ बक्षीस मिळवा. मग बाकीचा ग्रुप कॅम्पस प्लेसमेंटला बसेल आणि तुम्ही मुंबईच्या शिवनेरी बसमध्ये.

मुंबईत मालाडला तिघांत मिळून एक वन बीएचके घ्या, अकरा महिन्यांच्या करारावर. मालिका तेवढी टिकेल की नाही याचा विचार करू नका, चॅनेलही करत नाही.

तुम्हाला पगार नसतो, पर डे असतो, म्हणजे जेवढे दिवस काम तेवढ्या दिवसांचे पैसे. तो आकडा आईला फोनवर सांगताना तीसने गुणून सांगा. तिला बरं वाटेल आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळेल. महिन्यातून बोलावणार किती दिवस, हा तपशील मात्र स्वतःजवळ ठेवा. मालिका एका कुटुंबाची असते आणि तुम्ही त्यांचे शेजारी असता. लेखकाला तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राचं उपकथानक, सुचला तर बारा दिवस, नाही सुचला तर चार. त्या चारही दिवशी बारा तासांची शिफ्ट असते आणि त्यातला बराचसा वेळ मेकअप करून खुर्चीत बसण्यात जातो. विनोदाचं टायमिंग म्हणतात ते हेच असावं.

आता पैशांकडे येऊ. घाई नको, तेही घाईने येत नाहीत.

या धंद्यात ९० दिवसांचं क्रेडिट असतं. महिनाभर काम करायचं, पुढच्या महिन्यात बिल लावायचं आणि तिथून ९० दिवस मोजायला लागायचं. म्हणजे जूनमध्ये केलेल्या विनोदाचे पैसे गणपती उठून गेल्यावर, नवरात्राच्या सुमारास हातात. तेही वेळेवर आले तर. मालाडचा घरमालक आणि कोथरूडचा किराणावाला यांना हा हिशोब पटत नाही, कारण त्यांना मनोरंजन क्षेत्राची समज नाही. त्यांना समजावून सांगा. आवाज मोकळा होतो.

अकाउंटन्टला फोन करण्याची कला मात्र नीट आत्मसात करा. ती पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातही शिकवत नाहीत. फार नम्र बोललात तर 'बघतो, वरून क्लिअर व्हायचंय' असं उत्तर येतं. हे 'वर' नेमकं कितव्या मजल्यावर आहे ते कुणीही पाहिलेलं नाही. आवाज जरा चढवलात तर फोन कार्यकारी निर्मात्याकडे जातो आणि पुढच्या आठवड्यात तुमचं पात्र काकांच्या आजारपणासाठी गावाला जातं. शेजारी एवढे वारंवार गावाला का जातात, असा प्रश्न तुम्हाला प्रेक्षक म्हणून कधी पडला असेल, तर आता पडणार नाही. कायद्याचा आधार घ्यायचाच असेल तर २००६ चा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा कायदा आहे, तो ४५ दिवसांत पैसे चुकते करा म्हणतो. उद्यम नोंदणी करा, ते कलम बिलाखाली ठळक छापा. पैसे कदाचित येतीलही. त्यानंतर 'उद्या सेटवर इतक्या वाजता' हा कॉल टाइमचा मेसेज यायचा बंद होईल आणि शांत झोप लागेल.

दर बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जातो. त्याबद्दल कुरकुर करू नका, आयुष्यात तुमच्या हातून होणारी तेवढीच बचत आहे. फक्त रिटर्न भरायच्या वेळी आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर किती कर जमा आहे ते उघडून बघा. बिलातून कापलेला टीडीएस सरकारकडे पोचलेला असेलच असं नाही. नसेल पोचला तर पुन्हा त्याच अकाउंटन्टला फोन करायचा. पुन्हा 'वर'.

आणि चुकून यशस्वी झालात, वर्षाची जमा २० लाखांपुढे गेली, तर खरी मजा सुरू. जीएसटी नोंदणी करायची, बिलावर १८ टक्के लावायचा आणि तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारजमा करायचा. निर्मात्याकडून तुम्हाला मिळणार ९० दिवसांनी, पण सरकारला ते सांगायचं नाही. म्हणजे पदरच्या पैशांनी तुम्ही कर भरता आणि तो वसूल व्हायची वाट पाहता. बँका अशा व्यवहाराला कर्जवाटप म्हणतात आणि व्याज घेतात. तुम्ही कलावंत आहात, तुम्ही घेऊ नका.

जुने भाग पुन्हा दाखवतात तेव्हा काय? अमेरिकेत 'फ्रेंड्स'च्या सहाही कलाकारांना शेवटच्या दोन सीझनमध्ये दर भागाला माणशी दहा लाख डॉलर मिळाले, आणि तिथल्या युनियनच्या करारांमुळे नटांना पुनःप्रक्षेपणाचेही पैसे मिळतात. हे वाचून विचलित होऊ नका. आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या रॉयल्टीची तरतूद कॉपीराइट कायद्यात आली आहे. फक्त तुम्ही सही करता त्या करारात सगळे हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे चॅनेलला दिलेले असतात. संपूर्ण विश्वात! उद्या मंगळावर कुणी तुमचा भाग बघून हसला तरी त्या हसण्यावर हक्क चॅनेलचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चित्रीकरण बंद होतं तेव्हा वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा लावले. तसं पुन्हा झालं तर तुमच्या शेजाऱ्याच्या भूमिकेवर लोक घरोघरी खदखदून हसतील आणि तुम्हीही घरीच बसून हसाल, विनामूल्य. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यातलं चित्रीकरण पुन्हा थांबलं तेव्हा बऱ्याच मराठी मालिका गोव्यासारख्या ठिकाणी गेल्या. अशा वेळी कथेतलं मुख्य कुटुंब रिसॉर्टवर जातं. सहलीला शेजाऱ्यांना कोण नेतं?

पुण्यात घर घ्यायचा मोह होईल. जरूर जा बँकेत. मॅनेजरसाहेब उठून उभे राहतील, चहा सांगतील, 'आमच्या हिला तुमचं ते "झालं की नाही घोळ!" फार आवडतं, एकदा म्हणा ना' म्हणून व्हिडिओ काढतील, कॅशिअरबाईंनाही आत बोलावतील. मग सगळे आपापल्या जागी गेले की चष्मा पुसत विचारतील, "सॅलरी स्लिप आणलीय?" नाही म्हटल्यावर तीन वर्षांचे रिटर्न मागतील. ते बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते नीट पाहून ठेवा. एकाही संवादाशिवाय एवढा अभिनय तुम्हाला जमलेला नाही.

निराश होऊ नका, वरकड कमाई असते. दुकानांची उद्घाटनं, दहीहंडी, सोसायट्यांचे कार्यक्रम अशा सुपाऱ्या घ्या, त्यांचे पैसे हातोहात मिळतात. पण शक्यतो पुण्याबाहेर घ्या. इथली मंडळं मानधन देत नाहीत, मान देतात. आरती तुमच्या हस्ते, मग शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं पाऊण तास भाषण, त्यात तुमचं नाव एकदा चुकीचं. परतताना रिक्षावाला ओळखतो, पण तसं दाखवत नाही. मीटरवर दहा रुपये जास्त मागतो तेव्हा कळतं, ओळखलंय. एका गणेशोत्सवात चटणीला पुरून उरतील एवढे नारळ जमतात. शाली भाच्याच्या मुंजीत आहेर म्हणून फिरवता येतात, मात्र कुणाची कुणाला गेली याची वही ठेवा.

मग एका गुरुवारी टीआरपी येतो आणि मालिका 'निरोप घेते'. इथून पुढे कुणीही 'सध्या काय?' विचारलं की 'एक-दोन गोष्टी चालू आहेत, आत्ता बोलता येणार नाही' एवढंच म्हणायचं. दोन्ही विधानं खरी असतात. चालू असलेल्या गोष्टी म्हणजे अकाउंटन्टकडचे पाठपुरावे.

आणि मे महिन्यात अभिनय शिबिर काढा. कर्वे रोडच्या आसपास एखादा हॉल, वयोगट आठ ते चौदा, फलकावर तुमचा मालिकेतला फोटो आणि खाली 'कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहावे'. क्रेडिटबिडिट इथे काही ठेवायचं नाही. संपूर्ण फी पहिल्या दिवशी, आगाऊ, परत मिळणार नाही अशा तळटीपेसह. रांगेतल्या एखाद्या बाबांनी हळूच विचारलंच, "सर, यात करिअर आहे का हो?" तर प्रसन्न हसा आणि क्यूआर कोड त्यांच्या बाजूला फिरवा.