विहिरीतल्या भाडेकरूचं काय?

‘लायट इली नि भुतां गेली.’ आमच्या अण्णांचं हे ठरलेलं वाक्य. गावात वीज आल्यापासून कुणाला मुंजा दिसला नाही म्हणे. मग मुंबईत तर विषयच संपला, इथे रात्री दोनलाही झगझगाट.

मला हे पटत नाही. भूतबीत मी मानत नाही, तेव्हा अंनिसवाल्या मित्रांनी लगेच बाह्या सरसावू नयेत. पण असलीच, तर दिव्याला घाबरून पळणारी ही जमात नाही. यांचं खरं वैर रीडेव्हलपमेंटशी.

आपली भुतं आठवून बघा, एकही बिनपत्त्याचं नाही. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, ब्रह्मसमंध पडक्या वाड्यात, राखणदाराला गावची हद्द. परदेशी सिनेमातला राक्षस कुठल्याही गटारात मावतो. आपल्याकडे भुतालाही सातबारा लागतो.

लपायचंच म्हणाल तर मुंबईत ते अजिबात अवघड नाही. बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. तिथे आणि आसपास मिळून पन्नासच्या वर बिबटे, आणि चारी बाजूंनी आपण. रात्री भिंतीवरून उडी मारून येतो, एखादं कुत्रं उचलतो, जातो. सकाळी सीसीटीव्ही बघून सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब. आरेतल्या पाड्यांवर मात्र वाघोबाची पूजा चालत आलेली आहे, शेजारी कोण राहतो हे त्यांना कुणी व्हिडिओ पाठवून सांगावं लागत नाही. सांगायचं इतकंच, की आवाज करायचा नाही आणि कुणाच्या बांधकामाच्या आड यायचं नाही, एवढं जमलं की हे शहर कुणालाही ठेवून घेतं.

हडळीचं तर फारच सोपं. उलटी पावलं हीच तिची खूण, आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये स्वतःचे पाय दिसले तरी पुष्कळ.

मुंज्याची मला काळजी वाटायची. रस्तारुंदीत पिंपळ गेले की हा जाणार कुठे? मग एकदा आमच्याच चाळीच्या मागे मान वर करून बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या मोरीच्या पायपाला फुटलेला पिंपळ, चांगला हातभर वाढलेला. दरवर्षी तोडतात, दरवर्षी येतो. म्हणजे मुंज्याने जुन्या इमारतींत पोटभाडेकरू म्हणून सोय करून घेतलेली आहे. फक्त इमारत सी-१ मध्ये गेली, धोकादायक ठरली, की आपल्यासारखाच तोही ट्रान्झिट कॅम्पात.

राखणदाराचं म्हणाल तर आरवलीच्या वेतोबाला लोक आजही भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्रभर फिरून त्याच्या झिजतात अशी श्रद्धा. (त्याला भुतांच्या यादीत घातलं म्हणून गावाकडचे मला झोडतील. तो देव आहे, कबूल.) पण गिरणगावात आलेल्या कोकण्यांनी सोबत देव आणले, दशावतार आणला, हद्द काही आणता आली नाही. इथे वॉर्डाच्या हद्दी, त्याही निवडणुकीआधी बदलतात. राखण्यासारखं काय उरलं?

राहता राहिला गिऱ्हा, आणि माझी पैज त्याच्यावरच आहे. कारण मुंबईने पाणी संपवलं नाही, नुसतं झाकलं. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, नावं बसच्या पाट्यांवर, तळी बुजलेली. विहिरींचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास विहिरींत वाढतात म्हणून पालिकेने त्या झाकायला, बुजवायला लावल्या. तेव्हा अनेक मालकांनी विरोध केला, का, तर विहिरीत कुणीतरी राहतं. हे मी रचून सांगत नाही. रुस्तम मसानी तेव्हा पालिकेच्या नोकरीत होते, पुढे आयुक्तही झाले. त्यांनी विहिरींच्या लोकश्रद्धांवर १९१८ साली आख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. एका बाजूला डासांचा रिपोर्ट, दुसऱ्या बाजूला विहिरीतल्या रहिवाशाची बाजू घेणारा मालक, आणि मधे फाईल घेऊन बसलेला पालिकेचा माणूस. मला या चित्राचा फार मोह पडतो. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची, ती टिकली, पारशी लोक आजही ती पवित्र मानतात. आता तर आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटरची मेट्रो जमिनीखालून, थेट आमच्या गिरगावाखालून जाते. म्हणजे आपणच उठून गिऱ्ह्याच्या मजल्यावर राहायला गेलो.

आमच्या चाळीच्या मागच्या चौकात अशीच एक विहीर आहे. लोखंडी झाकण, वर गंज. पहिल्या मजल्यावरच्या काकू दर अमावास्येला तिथे नारळ ठेवतात, त्यांच्या सासूबाई ठेवायच्या म्हणून.

गेल्या महिन्यात रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर प्लॅन दाखवला. दोन तास कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं यावर घासाघीस. शेवटी काकूंनी हात वर केला.

‘विहिरीचं काय?’

‘बुजवणार, काकू. पार्किंगचा खड्डा तिथेच येतोय.’

‘त्याला सांगितलंत?’

सगळे हसले. मीही हसलो. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मुद्दाम डोकावलो: ‘विहीर. पुढील सभेत.’

परवाच्या अमावास्येला सकाळी चौकात गेलो होतो. काकूंचा नारळ नेहमी एकच असतो. झाकणावर पाच होते.