‘मुलांचं खच्चीकरण करू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सीईटीत (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) ९८.४ पर्सेंटाइल असलेल्या ओपनमधल्या मुलाला सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला, कॉम्प्युटर ब्रँच मिळणं जवळपास अशक्य आहे. त्यावर सरांचं म्हणणं असं की हे ज्योतिष झालं, त्यांच्या भाच्याला ९७.९ ला सीओईपी मिळालंय, प्रवेशाचा अंदाज सांगणारं प्रेडिक्टर ॲप त्यांच्या मुलाला ६० टक्के चान्स दाखवतंय, आणि ऐन फॉर्म भरायच्या वेळी असं लिहून मी पोरांचं खच्चीकरण करतोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सर, सीओईपी कॉम्प्युटर फॉर्ममध्ये टाकू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. उलट मनापासून हवं असेल तर एक नंबरलाच टाका. कॅपची (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) अलॉटमेंट मेरिट नंबरने चालते, तुमच्या वरचे सगळे संपले की तुमचा नंबर येतो आणि मग तुमची यादी वरून खाली वाचली जाते, जिथे जागा शिल्लक असेल ती तुमची. वरची पाच कॉलेजं मिळाली नाहीत म्हणून सहाव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही, आणि सहावं कॉलेज कुणी पहिल्या नंबरला टाकलंय म्हणून तो तुमच्या पुढे जात नाही. म्हणजे इथे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा प्रश्नच येत नाही, वर स्वप्न लिहिल्याने काहीच बिघडत नाही. अंदाज लागतो तो यादीच्या खालच्या भागासाठी. ९८.४ वाल्या मुलाने वर दहा अशक्य ऑप्शन टाकले आणि खाली काहीच टाकलं नाही तर काय होतं हे दर वर्षी बघतो मी, पहिल्या राउंडला काही नाही, दुसऱ्याला काही नाही, आणि मग घरात रडारड आणि मॅनेजमेंट कोट्याची चौकशी. ते होऊ नये म्हणून मी ‘अवघड आहे’ असं स्पष्ट लिहितो.

आता भाचा. त्याचं मनापासून अभिनंदन, पण सर, ब्रँच कुठली, कॅटेगरी कुठली, वर्ष कुठलं? तुम्ही ‘सीओईपी’ एवढंच लिहिलंय. सीओईपीत मेटलर्जी आहे, मॅन्युफॅक्चरिंग आहे, सिव्हिल आहे, आणि त्यांचे कटऑफ कॉम्प्युटरच्या बरेच खाली असतात. कॉम्प्युटर ओपनला ९९.५ च्याही वर बंद होतं. दोन्ही ‘सीओईपीच’, पण तुमच्या मुलाच्या कामाचा आकडा एकच. (मेटलर्जी वाईट असं अजिबात नाही हं, ज्याला त्यात रस आहे त्याने बिनधास्त घ्यावी.)

आणि वर्षाचं विचारतोय ते उगाच नाही. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत ते. २०२४ ला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची सीईटी सुमारे तीन लाख मुलांनी दिली, २०२५ ला तोच आकडा चार लाखांच्या वर गेला. म्हणजे त्याच ९८.४ ला आधी तुमच्या पुढे साधारण पावणेपाच हजार मुलं होती, आणि पुढच्या वर्षी साडेसहा हजारांच्या आसपास! सगळेच काही कॅपला येत नाहीत, त्यामुळे मेरिट नंबर यापेक्षा थोडा बरा लागतो, पण सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआयच्या जागा काही त्या हिशोबात वाढल्या नाहीत. म्हणून मागच्या वर्षीचं पर्सेंटाइल आणि यंदाचं पर्सेंटाइल शेजारी ठेवून तुलना करू नका, मेरिट नंबर शेजारी ठेवा. कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल, सगळे कंसातलं वाचतात आणि वरचं सोडून देतात.

दुसरं म्हणजे आरक्षणाचं गणित. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, १० टक्क्यांचा कायदा आला, त्यामुळे जागांची वाटणीच बदलली. जी मुलं आधी ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल गट) यायची त्यातली बरीच एसईबीसीत गेली. मग २०२३ चा ईडब्ल्यूएस किंवा ओपनचा कटऑफ यंदाला जसाच्या तसा लावून कसं चालेल? तुमच्या ॲपने नेमक्या कुठल्या वर्षांचा डेटा घेतलाय ते त्यात लिहिलंय का बघा. नसेल तर त्या ६० टक्क्यांवर मी तरी विसंबणार नाही.

अंदाज कसा काढायचा ते एक उदाहरण देऊन सांगतो, म्हणजे ज्योतिष आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. मागच्या सीझनला लातूरकडचे एक वडील पीडीएफ प्रिंट करून घेऊन आले होते, मुलगी ओबीसी. त्यांनी हायलायटरने प्रत्येक पानावर एकच रकाना रंगवलेला, जीओबीसीएस, म्हणजे ओबीसी जनरल. आणि त्यावरून चेहरा पाडून बसले होते. मी म्हटलं काका, तिच्यासाठी चार रकाने आहेत. जीओपनएस, एलओपनएस, जीओबीसीएस आणि एलओबीसीएस (एल म्हणजे मुलींचा), कारण मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत आणि ओबीसीची मुलगी ओपनच्या जागेवरही मेरिटने हक्क सांगू शकते. चारही रकाने रंगवले तर दोन ब्रँच ज्या त्यांनी काट मारून टाकल्या होत्या त्या परत यादीत आल्या. मग टीएफडब्ल्यूएस, म्हणजे फी माफीच्या जागांची योजना दाखवली, त्याचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो, तो फॉर्ममध्ये स्वतंत्र टाकावा लागतो. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ, पण जागा पाचच टक्के असल्याने कटऑफ सहसा वर जातो. मग शेवटी विचारलं नॉन क्रीमीलेयर सर्टिफिकेट (ओबीसीचा लाभ घ्यायला लागतं ते) आहे का, तर होतं पण मुदत संपलेलं! नवीन वेळेत आलं नसतं तर मुलगी ओपनमध्ये गेली असती आणि आम्ही रंगवलेले दोन रकाने वाया. चान्सचा अर्धा भाग कागदपत्रांत असतो सर, हे कुठलंही ॲप विचारत नाही.

आणखी एक, ज्या रकान्यात एक-दोनच जागा असतात (एनटी, व्हीजे, डिफेन्स वगैरे) तिथला कटऑफ दर वर्षी उड्या मारतो. एखाद्या वर्षी त्या एका जागेवर कोण आलं एवढंच तो सांगतो. अशा ठिकाणी मी कधीच ‘मिळेल’ म्हणत नाही आणि ‘मिळणार नाही’ असंही म्हणत नाही. ओपनचा जनरल रकाना मात्र बऱ्यापैकी स्थिर असतो, म्हणून तिथे ९८.४ बद्दल मी एवढं ठामपणे लिहिलं.

तुम्ही असंही लिहिलंय की मी पर्सेंटाइलवरून मुलाची लायकी काढतो. नाही हो. तुमचा मुलगा किती हुशार आहे, त्याने घरी बसून काय काय बनवलंय, हे कॅपला माहीतच नसतं, ती फक्त मेरिट नंबर बघते. मी त्या यंत्रणेबद्दल लिहितो, मुलाबद्दल नाही. हा फरक मुलालाही नीट समजावून सांगा, कारण या महिन्याभरात पोरं स्वतःला त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून मोजायला लागतात आणि ते बघवत नाही.

आता तुमच्या फॉर्मचं. २०२५ पासून चार राउंड झालेत आणि ऑटो फ्रीझचा नियम बदललाय: पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर फ्रीझ, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी लागला तर फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. फ्रीझ झालं की पुढच्या राउंडला जाता येत नाही, जागा घेतली नाही तरी. म्हणून वरच्या सहांत ‘असू दे’ म्हणून काही टाकू नका, मिळालं तर आनंदाने जाल असंच टाका. सीओईपी कॉम्प्युटर वर राहू दे, व्हीजेटीआय राहू दे. त्याखाली मागच्या वर्षी तुमच्या मुलाच्या मेरिट नंबरच्या थोडं पुढे-मागे बंद झालेल्या ब्रँच आवडीच्या क्रमाने लावा, आणि तळाशी आठ-दहा अशा ठेवा ज्या त्याच्या नंबरच्या बऱ्याच नंतर बंद झाल्यात आणि जिथे जायला तो खरंच तयार आहे. ही तळाची यादी त्याला स्वतःला करू द्या, कॉलेज प्रत्यक्ष बघून या जमलं तर. फायनल मेरिट लिस्ट लागली की त्याचा नंबर आणि कॅटेगरी इथे खाली लिहा, यादी मी बघतो.